केमचा पाच किलोचा मासा

मी आयुष्यात एकही मासा पकडलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण तुम्ही आमच्याबरोबर सोलापूरच्या होम मैदानावर फिरायला येत नाही. जे दोघे येतात त्यांना मी गेली बावीस वर्षं सांगत आलोय, की केम स्टेशनला बुकिंग क्लार्क असताना मी तिथल्या बंधाऱ्यावर गळ टाकून पाच किलोचा मासा काढला होता. सुरुवातीला तो तीन किलोचा होता. मासे वाढतात.

खरी हकीकत अशी, की तो मासा धरला होता बिरप्पानं. बिरप्पा आमच्या स्टेशनवरचा पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. स्टेशनमागच्या बंधाऱ्यात तो गळ लावून ठेवायचा आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जाऊन बघून यायचा. त्या दिवशी माझी ड्युटी संपली होती, त्याची संपली नव्हती. मी नुसता पोत्याची पिशवी धरून काठावर उभा होतो. त्यानं मासा ओढला, माझ्या पिशवीत टाकला, आणि तेवढ्यात मागून स्टेशनमास्तर आले. म्हणाले, "हा मासा कुणाचा?" बिरप्पाचं तोंड पांढरं पडलं. ड्युटीवर मासे धरायचे म्हणजे चार्जशीट ठरलेलं. मी म्हणालो, "माझा, सर." स्टेशनमास्तर बराच वेळ माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं बघत राहिले आणि निघून गेले.

ही बातमी माझ्या आधी सोलापूरला, भवानी पेठेत, माझ्या घरी पोचली. सिद्धेश्वरीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, दारातच विचारलं, "अहो, मासा धरला म्हणे तुम्ही?" आमच्या घरात सात पिढ्यांत अंडंसुद्धा आलेलं नाही. खरं सांगावं तर ते चार दिवसांत फिरून केमला जाणार आणि बिरप्पाची नोकरी खाणार. म्हणून मी म्हणालो, "धरला, पण लगेच सोडून दिला." तिनं मला आधी परसात आंघोळ घातली आणि मग शेजारच्या कस्तुराबाईंना अभिमानानं सांगितलं, की आमच्या ह्यांनी माशाला जीवदान दिलं. सोडलेल्या माशाचा एक फार मोठा फायदा असतो. त्याचा पुरावा कुणी मागत नाही.

तेव्हापासून माझी बरीचशी अब्रू त्या माशावर उभी आहे. पस्तीस वर्षं मी खिडकीतून तिकिटं दिली, आणि तिकीट दिल्याची गोष्ट कुणी दुसऱ्यांदा ऐकत नाही. मासा मात्र लोक पुन्हा पुन्हा ऐकतात. सांगण्यासारखं माझ्याकडं एवढं एकच होतं, आणि तेही माझं नव्हतं.

सगळं बरं चाललं होतं, पण यंदा डिसेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. नवनाथ पोस्टातून रिटायर झाला, आणि सिद्धप्पाला डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब उतरवायचा असेल तर कुठला तरी शांत छंद लावून घ्या. हे दोघे माझे शाळेपासूनचे मित्र. सिद्धप्पा गणिताचा मास्तर होता आणि अजून आहे, फक्त शाळेनं त्याला सोडलंय. नवनाथ आमच्या तिघांत एकटाच मासे खाणारा. केमच्या माशाची गोष्ट संपली की दर वेळी तो हळहळायचा, "सोडलास कशाला बे? मला तरी आणायचास की."

एका सकाळी होम मैदानाच्या दुसऱ्या फेरीला तोच म्हणाला, "गुरु, आता मी रिकामाच हाय. आमाला मासे धरायला शिकव की."

"उत्तम," सिद्धप्पा म्हणाला. "शांत छंद आहे. गुरुशांत शिकवेल."

मी घाईघाईनं म्हणालो, "आत्ता नको. थंडीत मासा तोंड उघडत नाही. एप्रिलमध्ये बघू." हे मी मनानंच सांगितलं होतं, पण अनुभवी माणसाच्या सुरात सांगितलं होतं.

सिद्धप्पानं माकडटोपी वर सरकवून फोन काढला. त्यानं चालता चालता वाचून दाखवलं, की कार्प जातीचा, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातला मासा थंडीत सुस्त होतो, पण मरत नाही. ऊन चढलं की दहा ते दोनच्या दरम्यान तो खातो. सावकाश खातो, त्यामुळे नवशिक्यांना बरा. शेंगदाण्याची पेंड त्याला फार आवडते. "म्हणजे हाच सीझन आहे," तो म्हणाला. "आणि तुझा केमचा मासासुद्धा जानेवारीतलाच होता की. तूच सांगितलंयस." गणिताच्या मास्तरापुढं गोष्ट सांगताना महिना सांगू नये, हे मला त्या दिवशी कळलं.

नवनाथ म्हणाला, "मग लांब कशाला जायचं? हितं सिद्धेश्वराचं तळं हाय की."

"देवाच्या तळ्यातल्या माशांना मुरमुरे टाकतात," सिद्धप्पा इतक्या जोरात ओरडला की शांत छंदाची किती गरज आहे ते आम्हा दोघांनाही पटलं.

शेवटी मंद्रूपच्या अलीकडच्या एका गावतळ्यावर एकमत झालं. त्यासाठी परवाना लागतो असं सिद्धप्पाला फोनवरच दिसलं. मला जरा धीर आला. सरकारी परवान्यावर माझा पूर्ण विश्वास होता, म्हणजे तो मिळणार नाही असा.

ते कार्यालय कुठलं ते मी सांगत नाही. पेन्शनर माणसानं सरकारी कार्यालयांची नावं घेऊ नयेत. तिथं प्रियंका नावाच्या मॅडम होत्या. वयानं आमच्या मुलींएवढ्या आणि स्वभावानं अतिशय चांगल्या, पण फॉर्म वाईट होता. त्यात 'माशांची विल्हेवाट' असा एक रकाना होता आणि त्याच्यापुढं दोनच चौकोन होते, विक्री आणि घरगुती वापर. सिद्धप्पानं खाली पट्टीनं तिसरा चौकोन आखला, त्याच्यापुढं सुवाच्य अक्षरात 'परत पाण्यात' असं लिहिलं आणि त्यात खूण केली.

"काका, असं चालत न्हाय," मॅडम म्हणाल्या. "परत सोडायचा असला तर धरायचा कशाला?"

"आनंदासाठी," सिद्धप्पा रागानं म्हणाला.

"आनंदाला रकाना न्हाय, काका."

नवनाथ मागून हळूच म्हणाला, "मॅडम, घरगुती वापर टाका. माझं घर हाय की." सिद्धप्पानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो बाकावर जाऊन बसला.

अर्ज साहेबांकडं गेला. साहेब दौऱ्यावर होते. चार दिवसांनी अर्ज परत आला तेव्हा त्यावर शेरा होता, 'सदर अर्जदार मासे धरणार आहेत अगर कसे, याबाबत खुलासा सादर करावा.' सिद्धप्पानं दोन पानी खुलासा लिहिला. मग कळलं, की तळं गावच्या मच्छीमार संस्थेकडं आहे, त्यामुळे संस्थेचं पत्र हवं. संस्था म्हणाली, आधी कार्यालयाचं पत्र आणा. मी रोज घरी येऊन सिद्धेश्वरीला सांगायचो, "अजून नाही झालं," आणि मन लावून जेवायचो.

पण प्रियंका मॅडमनी घात केला. आम्ही चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यांना आमची दया आली. त्यांनी स्वतः संस्थेला फोन लावला, एका दिवसाची परवानगी तोंडी मिळवली आणि म्हणाल्या, "आता फक्त मार्गदर्शकाचा अनुभव लिहा. कुणीतरी अनुभवी पायजे बरोबर, पाण्याचं काम हाय."

मी काही बोलायच्या आत सिद्धप्पानं लिहून टाकलं, 'श्री. गुरुशांत यांनी केम येथे पाच किलो वजनाचा मासा गळाने धरून सोडलेला आहे.'

"पुरावा?" मॅडमनी विचारलं.

"मासा सोडला ना," नवनाथ म्हणाला.

"मग स्वयंघोषणा चालंल. हितं सही करा, काका."

तिथं छापलं होतं, की वरील माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. बावीस वर्षं जो मासा होम मैदानावर मोकळा फिरत होता, तो असा सरकारी कागदावर आला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एक मेमो नाही. मी सही केली.

मग तालीम. नवनाथच्या मुलीनं तीन गळाच्या काठ्या ऑनलाइन मागवून दिल्या होत्या. त्यांना रीळ होतं. केमला बिरप्पाकडं साधा बांबू होता, आणि तोही मी हातात घेतलेला नव्हता. रिळाची मूठ कुठल्या बाजूला फिरवायची हे मला माहीत नव्हतं, पण मी म्हणालो, "ही नवीन पद्धत. आमच्या वेळी असे लाड नव्हते." मी दोघांना आमच्या गच्चीवर उभं केलं, काठी डोक्यामागं नेली आणि जोरात झटका दिला.

गळ शेजारच्या गच्चीवर गेला. तिथं कस्तुराबाईंची कोरी करकरीत सोलापुरी चादर उन्हात टाकलेली होती. मी ओढलं. चादर दोरीवरून उठून चालायला लागली. चादरीमागून कस्तुराबाई प्रकट झाल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

"कोन हाय रं तो?"

"मी आहे, वहिनी. गुरुशांत."

"अण्णा, ह्या वयात चादरी चोरताय व्हय?"

मी घाबरून आणखी ओढलं. "अवो वडू नका!" त्या ओरडल्या. "फाटंल ती! सैल सोडा. सैल सोडलं की आपसूक सुटतंय." मी सैल सोडलं. त्यांनी दोन बोटांनी गळ काढला आणि माझ्याकडं फेकला. मग कठड्यावर रेलून त्यांनी मासे कसे धरावेत यावर अर्धा तास माहिती दिली. त्यांचे मामा भीमा नदीवर मासे धरायचे. सिद्धप्पानं सगळं वहीत लिहून घेतलं. माझ्या शिकवणीतलं त्याच्या वहीत तोपर्यंत एकच वाक्य होतं, 'आमच्या वेळी लाड नव्हते.'

ठरलेल्या रविवारी सकाळी आम्ही दोन स्कूटरवर निघालो. सिद्धेश्वरीनं कडक भाकरी बांधून दिल्या होत्या आणि स्टीलचे दोन डबे दिले होते. एका डब्यात शेंगाची चटणी, लसूण आणि तिखट घालून उखळात कुटलेली, तेल सुटलेली. दुसऱ्यात माशांसाठी पेंड आणि कणीक मळलेली. मासा हा शब्द तिला स्वयंपाकघरात नको होता, पण पेंड म्हणजे जनावराचं खाणं, ते मळायला तिची हरकत नव्हती. दोन्ही डबे तिच्या लग्नातले, दोन्ही सारखे, दोन्हींवर 'चि. सौ. कां. सिद्धेश्वरी' असं कोरलेलं. "घरात काही आणायचं नाही हां," तिनं बजावलं. "आणि मागच्यासारखं सोडून द्या." त्या 'मागच्यासारखं'नं मला पहिल्या चौकापर्यंत कसंतरी होत राहिलं. नवनाथ मात्र मजेत होता. त्याच्या बायकोनं, मीनाबाईंनी, घरी पहाटेच मसाला वाटून ठेवला होता.

तळ्यावर धुकं होतं. काठाच्या झोपडीतून संस्थेचा राखणदार बाहेर आला, घोंगडं पांघरलेला, हातात रजिस्टर. त्यानं माझ्याकडं नीट निरखून बघितलं.

"केमचे तिकीटसायेब न्हवं?"

तो बिरप्पा होता. म्हातारा झाला होता, पण तोच होता. रिटायर झाल्यावर तो आपल्या गावी आला होता आणि त्याचं गाव हे होतं. सोलापूर जिल्ह्यात एवढी तळी असताना आम्ही परवाना काढून, सही-शिक्क्यानिशी, नेमकं या तळ्यावर आलो होतो.

"केमचे का तुम्ही?" सिद्धप्पानं वही उघडली. "मग तुम्हाला माहीतच असेल. यांनी तिथं पाच किलोचा मासा धरला होता ना?"

शिक्षेस पात्र राहीन, शिक्षेस पात्र राहीन, एवढंच डोक्यात फिरत होतं. बिरप्पानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वहीकडं बघितलं. लिहिलेल्या गोष्टीची रेल्वेच्या माणसाला फार भीती असते.

"धरला की सायबांनी," तो सावकाश म्हणाला. "मी न्हवतो तितं. मी डूटीवर व्हतो."

दोघे पुढं गेल्यावर तो माझ्या कानाशी आला. "सायेब, ती वही कसली? त्या डूटीचं आता काडलं तर पेन्शनीला लागंल का वो?" मी म्हणालो, नाही लागणार. तो म्हणाला, "तरीबी तुमीच धरला. आपलं तसंच ठिऊ." बावीस वर्षं मी त्याच्यासाठी खोटं बोलत होतो आणि तो माझ्यासाठी नाही, स्वतःच्या पेन्शनीसाठी बोलत होता, पण त्या क्षणी मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

त्यानंतर मी चांगलाच रंगात आलो. साक्षीदार आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर माणूस कसाही शिकवू शकतो. मासेमारीत संयम महत्त्वाचा, मी सांगितलं. सावली पाण्यावर पडू देऊ नका. मोठ्यानं बोलू नका. हे शेवटचं मी तीन वेळा मोठ्यानं सांगितलं. गळ पाण्यात पडले. माझा गळ पहिल्यांदा माझ्याच माकडटोपीत पडला, पण ते मी मुद्दाम करून दाखवलं असं म्हणालो, म्हणजे काय करू नये ते कळावं.

दोन तास काहीच झालं नाही. धुकं गेलं, ऊन चढलं, पाण्यावर बगळे आले, त्यांनी आमच्यासमोर चार मासे धरले आणि ते पलीकडच्या काठावर जाऊन बसले. मला हळूहळू बरं वाटायला लागलं. आज मासा लागला नाही तर दोष थंडीचा, आणि केमचा मासा जिथल्या तिथं सुखरूप.

अकराला नवनाथला भूक लागली. त्यानं भाकरी काढली, डबा उघडला आणि खायला बसला. सिद्धप्पा अधूनमधून दुसऱ्या डब्यातून चिमूट घेऊन, गोळी करून गळाला लावत होता. थोड्या वेळानं नवनाथ म्हणाला, "गुरु, एक सांगू का? वहिनींची चटणी आज जरा अळणी झाली बे."

मला ते लागलं. आमच्या घरच्या चटणीला आजपर्यंत कुणी नाव ठेवलेलं नाही. मी काहीतरी बोलणार एवढ्यात सिद्धप्पाकडं लक्ष गेलं. सिद्धप्पा रडत होता. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो हाताच्या पाठीनं डोळे पुसत होता, त्यानं त्या आणखी वाढत होत्या.

"काय झालं रे?"

"हे माशांचं खाणं," तो हुंदके देत म्हणाला, "फार जहाल आहे. नुसता डोळ्याला हात लागला."

मी दोन्ही डब्यांत वाकून बघितलं. नवनाथनं पाऊण डबा गुराची पेंड भाकरीबरोबर संपवली होती. आणि सिद्धप्पा तासभर तळ्यातल्या माशांना लसणाची शेंगाची चटणी वाढत होता. हे मी नवनाथला कसं सांगावं याचा विचार करतोय, तोच सिद्धप्पाची काठी वाकली.

नुसती वाकली नाही, पाण्याकडं निघाली. सिद्धप्पानं ती दोन्ही हातांनी धरली, पण त्याला काठ कुठं आणि पाणी कुठं ते दिसत नव्हतं. "गुरु! धर, धर! मला काय दिसत न्हाय! तुला सवय हाय!" असं म्हणून त्यानं काठी माझ्या हातात कोंबली. मास्तरी भाषा सोडून तो घरची बोली बोलला, हे मी प्रथमच ऐकलं.

काठी माझ्या हातात आली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवंत होतं. ते मी कसं सांगू? बावीस वर्षं मी या क्षणाचं वर्णन करत होतो, आणि त्यातलं एक अक्षरही बरोबर नव्हतं. काठीतून धडधड हातात येत होती, हातातून छातीत येत होती. मी ओढलं. त्यानं माझ्यापेक्षा जोरात ओढलं. माझा एक पाय चिखलात गेला, रीळ कुठल्या बाजूला फिरवायचं ते आठवेना, कारण ते मला कधीच माहीत नव्हतं. हा मासा आता जाणार, असं स्पष्ट दिसलं. आणि तो जाऊ नये असं मला इतकं मनापासून वाटलं, की अब्रू, सही, स्वयंघोषणा सगळं विसरून मी गळा फाटेस्तोवर ओरडलो.

"बिरप्पा! आता काय करायचं रे? केमला तू काय केलं होतंस?"

बिरप्पा घोंगडं टाकून धावत आला. पेन्शन तोही विसरला. "वडू नगा सायेब! सैल सोडा! मी तवा सैलच सोडला व्हता!"

मी सैल सोडलं. दोरा सरसर गेला आणि थांबला. "आता घ्या, हळू घ्या," बिरप्पा म्हणाला. "आता पुना सोडा." सोडला, घेतला, सोडला, घेतला. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी नवनाथ गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं ओल्या टॉवेलात मासा कवटाळून काठावर आणला. सोनेरी पिवळा, जाड ओठांचा, मोठमोठ्या खवल्यांचा. "सायप्रिनस," बिरप्पा म्हणाला. "कार्पातलाच. थंडीत ह्योच येतोय."

मी चिखलात बसलो होतो आणि हसत होतो. मग माझ्या लक्षात आलं, की दुसरं कुणी हसत नाही. सिद्धप्पा बाटलीतल्या पाण्यानं डोळे धूत होता. नवनाथ मासा धरून माझ्याकडं बघत होता. मी काय ओरडलो ते तिघांनीही ऐकलं होतं, आणि आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठालाही गेला असणार.

"मासा बिरप्पानं धरला होता," मी म्हणालो. "मी पिशवी धरली होती."

"पोत्याची," नवनाथ म्हणाला.

"हो."

"म्हाईत हाय बे. बावीस वर्सं ऐकतोय. मासा कदी रोहू असायचा, कदी कटला, पन पिशवी दर टायमाला पोत्याची. त्या गोष्टीत तेवढं एकच खरं वाटायचं."

सिद्धप्पानं लाल डोळे माझ्याकडं वळवले. "वर्षाला नव्वद ग्रॅमनं वाढत होता तुझा मासा. मी काढलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आणि चार फेऱ्या मारताना काय ऐकायचं? ह्याचं पोस्ट?" सिद्धप्पा नवनाथकडं बोट दाखवून म्हणाला.

बिरप्पानं मासा तराजूला लावला, रजिस्टर उघडलं आणि पेन्सिल ओली केली. संस्थेचा नियमच होता, धरलेला प्रत्येक मासा लिहायचा. "धरनाऱ्याचं नाव काय लिवू?"

मी म्हणालो, "सिद्धप्पाच्या गळाला लागला. त्याचं लिही."

"न्हाय," सिद्धप्पा म्हणाला. "ह्याचं लिव्हा. गुरुशांत. बावीस वर्सं सांगतोय, एकदा तरी खरं होऊ दे त्याचं."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी म्हणालो, चटणीचा हात लागला.

बिरप्पानं नाव लिहिलं. मग काटा बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वजन काय लिवायचं, सायेब? पाच?"

"काट्यावर काय आहे?"

"सव्वा."

"सव्वा लिही," मी म्हणालो. सव्वा किलो म्हणताना मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पाच किलो म्हणताना कधी वाटला नव्हता. 'विल्हेवाट'च्या रकान्यात सिद्धप्पानं स्वतः 'परत पाण्यात' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी माशाला दोन्ही हातांत घेऊन पाण्यात धरलं. त्यानं दोनदा कल्ले हलवले आणि तो गेला. जाताना त्याच्या ओठाला थोडी चटणी होती. नवनाथनं असा सुस्कारा टाकला की बगळे उडाले, पण मग संस्थेच्या जाळ्यातला ताजा रोहू बिरप्पानं त्याला रीतसर वजन करून दिला आणि त्याची कळी खुलली. तो रोहू कुणी धरला म्हणून त्यानं मीनाबाईंना सांगितलं, हे मी विचारलेलं नाही. नव्या माणसाला सुरुवातीला कुणी अडवू नये. पेंडीचंही मी त्याला अजून सांगितलेलं नाही. चटणी अळणी होती असंच तो म्हणतो, आणि मी पहिल्यांदाच ते ऐकून घेतो.

निघताना बिरप्पा पुन्हा माझ्या कानाशी आला. "सायेब, मगाशी मी वरडलो, मी सैल सोडला व्हता म्हून. ते त्या वहीत लिवलं न्हाय न्हवं?" सिद्धप्पानं वहीचं ते पान फाडून त्याच्या हातात दिलं, तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होम मैदानावर थंडी मी म्हणत होती. आमच्या मागं-पुढं चालणारे चार-पाच जण सिद्धप्पाभोवती जमले होते आणि सिद्धप्पा गोष्ट सांगत होता. पहिल्या फेरीला मासा सव्वा किलोचा होता. दुसऱ्या फेरीला तो दोन किलोचा झाला, आणि गळाला चटणी मीच मुद्दाम लावायला सांगितली होती असं कळलं. तिसऱ्या फेरीला मासा साडेतीन किलोवर गेला. माशाची लांबी दाखवायला सिद्धप्पाला दोन्ही हात लागत होते, म्हणून त्यानं आपली दुधाची पिशवी माझ्याकडं दिली. मी ती धरून त्याच्या शेजारून चालत राहिलो. पिशवी धरायचा मला जुना अनुभव आहे.